एकट्यानें न वाजणारें संगीत

जाड बांबूचा हात-दोन हात लांबीचा तुकडा घ्यावा. एका टोकाची गांठ तशीच ठेवून मधल्या गांठी फोडून टाकाव्या. राहिलेल्या गांठीला मधोमध भोंक पाडावें आणि तेथें ओंठ लावून जोरानें फुंकावें. नळींतून एक भरदार, किंचित् घोगरा सूर बाहेर पडतो. सूर एकच. दुसरा हवा असेल तर दुसरी नळी पाहिजे. आखूड नळीचा सूर चढा, लांब नळीचा उतरता. हैती देशांत या वाद्यास ‘वाक्सिन’ म्हणतात. ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरपूर्वींच्या सहा-सात आठवड्यांत, तेथील गांवोगांवच्या वाटांवर ‘रारा’ नांवाच्या मिरवणुकी निघतात आणि त्यांत हीं वाद्यें रात्ररात्र घुमत असतात. तीन, चार, पांच वादक बरोबरीनें चालतात. प्रत्येकाच्या वांट्यास एकेकच सूर. पहिल्याचा सूर जेथें थांबतो त्या फटींत दुसऱ्यानें आपला सूर घालावयाचा, दुसऱ्याच्या फटींत तिसऱ्यानें. आणि फुंकतां फुंकतांच हातांतील काठीनें नळीवर ठेका धरावयाचा. अशा विणींतून चाल उभी राहते. पण ती चाल त्या पांचांपैकीं कोणा एकालाहि वाजवितां येत नाहीं. एक जण घरीं राहिला तर चालीचा एक दांत पडतो.

ही रचना ध्यानांत घेतली म्हणजे हैतीच्या साऱ्या संगीताची किल्ली हातीं आल्यासारखें वाटतें. हें संगीत बंद पाडण्याचे यत्न परक्या मळेवाल्यांनीं केले, स्वदेशी सरकारनें केले, धर्मपीठानेंहि केले. तें बंद पडलें नाहीं. कारण कोणा एका गवयाच्या कंठावर अथवा कोणा एका दरबाराच्या आश्रयावर त्याचा जीव अवलंबून नव्हता. पांच-दहा माणसें एकत्र आलीं कीं तें तेथें उत्पन्न होई. मात्र ज्या गुणानें त्याला आजवर तारलें, त्याच गुणामुळें तें आज निराळ्याच पेंचांत सांपडलें आहे. तो पेंच समजून घ्यावयाचा तर प्रथम त्या देशाची ओळख करून घेतली पाहिजे.

कॅरिबियन समुद्रांत, क्यूबाच्या पूर्वेस, हिस्पॅनिओला नांवाचें मोठें बेट आहे. त्याचा पश्चिमेकडील सुमारें एक-तृतीयांश भाग म्हणजे हैती; उरलेल्या भागांत डोमिनिकन प्रजासत्ताक आहे. ‘आयिति’ हा मूळ शब्द तेथील तायनो लोकांचा असून त्याचा अर्थ डोंगराळ भूमि असा होतो. या तायनो लोकांत ‘अरेयितो’ नांवाचे समारंभ होत. नाच, गाणें आणि पूर्वजांच्या कथा यांचा त्यांत मेळ असे. आजच्या लेओगान शहराच्या बाजूस त्यांचें एक राज्य होतें, आणि तेथील राणी आनाकाओना ही अशीं गीतें रचण्याविषयीं प्रसिद्ध होती. १४९२ सालीं कोलंबस या बेटावर उतरला. त्यानंतर अवघ्या दहा-बारा वर्षांत स्पॅनिश सुभेदारानें तिला फांशी दिलें. नव्या रोगांनीं आणि वेठीनें तायनो लोक जवळजवळ नामशेष झाले. त्यांचीं गीतें गेलीं. देशाचें नांव तेवढें राहिलें.

१६९७ च्या रिस्विकच्या तहानें हा पश्चिम भाग फ्रान्सकडे गेला आणि सेंट-डोमिंग या नांवानें तो साखर, कॉफी व नीळ पिकविणारी अत्यंत श्रीमंत वसाहत बनला. ही संपत्ति पिकविणारे हात आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांचे होते. १७८९ च्या सुमारास तेथें गुलामांची संख्या सुमारें ५ लाख होती, आणि गोरे होते तीस-चाळीस हजार. या गुलामांपैकीं निम्म्याहून अधिक लोक आफ्रिकेंतच जन्मलेले होते: कोणी दाहोमीचा, कोणी योरुबा, कोणी इबो, कोणी कोंगो नदीच्या मुलुखांतला. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे, आणि मालकांना तें सोयीचेंच होतें. १६८५ सालीं फ्रान्सच्या राजानें गुलामांविषयीं जी संहिता काढली, तिच्या सोळाव्या कलमांत असें फर्मान आहे कीं निरनिराळ्या मालकांच्या गुलामांनीं दिवसा अगर रात्रीं, लग्नाच्या निमित्तानेंसुद्धां, एकत्र जमूं नये. शिक्षा फटक्यांची व डाग देण्याची. गुन्हा वारंवार घडल्यास मृत्यूचीहि. त्या कलमांत ढोलाचें नांव नाहीं. परंतु जेथें जमण्यालाच बंदी, तेथें ढोल कोणासाठीं वाजावा?

तरीहि तो वाजत होता. मोरो द सें-मेरी या वकिलानें १७९७ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत गुलामांच्या नाचांचें सविस्तर वर्णन केलें आहे. पोकळ लाकडाच्या ढोलावर दोहों बाजूंस पाय टाकून बसलेले वादक, बोटांनीं व मनगटांनीं आघात करण्याची त्यांची तऱ्हा, आणि ‘बांझा’ नांवाचें एक तंतुवाद्य, हीं सर्व त्यांत आढळतात. व्हिक्टर शेल्शर या फ्रेंच गृहस्थानें पुढें गुलामगिरीच्या उच्छेदासाठीं मोठें कार्य केलें. त्यानें १८४१ सालीं हैतीहून नेलेला भोपळ्याचा एक बांझा पॅरिसच्या संग्रहालयांत जपून ठेविलेला आहे. अमेरिकेंतील बँजो या वाद्याचा तो वडीलधारा नातलग होय.

१७९१ च्या ऑगस्ट महिन्यांत उत्तरेकडील बुआ-कायमां येथें एका रात्रीं गुलामांची धार्मिक सभा भरली, बुकमन नांवाचा पुढारी तींत अग्रभागीं होता, आणि थोड्याच दिवसांत उंसाचे मळे पेटले. बारा वर्षांच्या घनघोर युद्धानंतर १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झाला. गुलामांच्या उठावांतून जन्मास आलेलें असें राष्ट्र जगाच्या इतिहासांत दुसरें नाहीं.

त्या सभेच्या मुळाशीं जो धर्म होता त्यास ‘व्होडू’ म्हणतात. परदेशी चित्रपटांनीं या नांवास जादूटोण्याचा वास चिकटविला आहे. प्रत्यक्षांत ती पूर्वजांची व देवतांची उपासना आहे. तिला लिखित ग्रंथ नाहीं. जें जपावयाचें तें ढोलांच्या बोलांत आणि गाण्यांत जपलेलें आहे, आणि म्हणून त्या ढोलांची रचना थोडी तपशिलानें पाहणें अगत्याचें आहे.

रादा नांवाच्या उपासनापद्धतींत तीन ढोल असतात. सर्वांत धाकटा ‘बुला’; त्यावर दोन काठ्यांनीं एकसारखा ठेका धरलेला असतो, आणि तो कांहीं झालें तरी मोडावयाचा नाहीं. मधला ‘सेगों’, तो बुलाच्या ठेक्याशीं संवाद करीत राहतो. सर्वांत थोरला ‘मांमां’, म्हणजे आई. एका हातानें व एका काठीनें ती वाजवितात. शिवाय ‘ओगान’ म्हणजे एक लोखंडाचा तुकडा असतो. पुष्कळदां तो जुन्या कुदळीचें पातेंच असतो. सर्व वादकांचा कान त्याच्या टणत्कारावर असतो. उपाध्यायाच्या हातांत मणी गुंफलेला भोपळ्याचा खुळखुळा असतो. एक जाणती बाई गाणें सांगते आणि भोंवतालचा समुदाय पाळुपद धरतो. सारें सुरळीत चाललें असतां मांमां एकाएकीं लय मोडते. या मोडीस ‘कासे’ म्हणतात. नाचणाऱ्याचें पाऊल अडखळतें, आणि नेमक्या त्या क्षणीं देवता अंगांत येते अशी तेथील श्रद्धा आहे. समेवर येण्याचा आनंद आपल्या कानांस परिचित आहे. येथें आनंद सम हुकविण्यांत आहे. पण ती कोणीं हुकवावयाची हें ठरलेलें आहे, आणि बुला आपल्या जागीं अढळ असतो म्हणूनच मांमांला तें धाडस करतां येतें.

तालांचीं नांवें तर लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. ‘रादा’ हें नांव दाहोमींतील आलादा नगरावरून आलें आहे. ‘नागो’ ताल योरुबांचा. ‘कोंगो’ आणि ‘इबो’ हे त्या त्या लोकांचे. ‘पेत्वो’ ही पद्धति मात्र सेंट-डोमिंगच्या मातींतच वाढली. तिचे ढोल दोरीनें ताणलेले, बकऱ्याच्या कातड्याचे, आणि तिची गति द्रुत व उग्र. एकाच रात्रीच्या पूजेंत हे ताल एकामागून एक वाजतात. ज्यांना एकमेकांची भाषा कळूं नये अशी मालकांची इच्छा होती, त्या साऱ्या राष्ट्रांना नांवानिशीं हांक मारून एका मांडवाखालीं बसविण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

गोनाइव्ह शहराच्या परिसरांत या स्मृतीचीं तीन जुनीं स्थानें आजहि आहेत. सूव्हनांस येथें दाहोमीची परंपरा चालते व ईस्टरच्या सुमारास मोठी यात्रा भरते. बाजो येथें नागोंची, तिचा उत्सव जानेवारींत. आणि सूक्री येथें कोंगोंची, तिचा उत्सव ऑगस्टांत. या स्थानांना ‘लाकू’ म्हणतात. लाकू म्हणजे मधलें सामाईक अंगण आणि त्याच्याभोंवतीं एकाच कुळाचीं घरें. वडील माणसें, सुना, नातवंडें, पूर्वजांचीं थडगीं आणि देवघर हीं सर्व त्याच आवारांत. ज्यांनीं एकत्र कुटुंबांत दिवस काढले आहेत त्यांना या संस्थेचें सामर्थ्य आणि तिचा जाच, दोन्ही निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

शेतीच्या कामांतहि तीच पद्धति आहे. नांगरणीपेरणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याच्या शेतावर सारी आळी जमते. आज त्याचें शेत, उद्यां ह्याचें. या प्रथेस ‘कोंबित’ म्हणतात. मोबदला म्हणून मालकानें सर्वांस पोटभर जेवूं घालावयाचें. एका रांगेंत कुदळी वरखालीं होतात, ढोल वाजतो, आणि ‘सिमिदोर’ नांवाचा गायक आयत्या वेळीं रचून गाणें सांगतो. यजमानानें जेवणांत हात आंखडता घेतला तर त्याच्याच शेतांत, त्याच्याच समोर, त्याच्या कंजूषपणावर गाणें होतें. पण नांव न घेतां. अशा गाण्यास हैतींत ‘टोंक फेंकणें’ म्हणतात. ‘लेकी बोले सुने लागे’ ही आपली म्हण ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कलेचें मर्म तत्काळ कळेल. रारांतहि हींच गाणीं असतात, आणि पुढें जुलमी राजवटींत याच कलेचा मोठा उपयोग झाला.

इतका वेळ आपण खेड्यांत होतों. आतां शहरांतील सुखवस्तु घरांकडे वळूं. कारण हैतीच्या संगीताचा दुसरा प्रवाह तेथून वाहतो. फ्रेंच मळेवाल्यांनीं आपल्याबरोबर ‘कोंत्रदांस’ नांवाचा जोडीनें नाचावयाचा नाच आणला होता. मालकांच्या दिवाणखान्यांत व्हायोलिन वाजविणारे पुष्कळदां गुलामच असत; त्यांच्या हातीं त्या नाचाची लय बदलली. त्यांतून पुढें ‘मेरेंग’ हा हैतीचा मानाचा नाच सिद्ध झाला. या घराण्यांतील नाचांत पांच आघातांचा एक तुकडा वारंवार येतो. तो आपल्या छंदःशास्त्राच्या भाषेंत सांगतां येईल: गुरु, लघु, गुरु, लघु, गुरु; एकूण मात्रा आठ. टाळी देऊन म्हणून पाहिल्यास शरीर आपोआप एका बाजूस झुलूं लागतें, आणि मेरेंगचें मार्दव कशांत आहे तें कळतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पियानोवर मेरेंग वाजणें हें पोर्ट-ओ-प्रिन्समधील प्रतिष्ठित घरांचें लक्षण झालें. ओस्वाल्ड द्यूरां या कवीनें १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शुकून’ या कवितेस मिशेल मोलेआर मोंतों यानें १८९३ सालीं चाल दिली. कविता फ्रेंचमध्यें नसून सामान्य जनांच्या क्रेयोल बोलींत होती, हें विशेष. तीच चाल १९५७ सालीं ‘यलो बर्ड’ या नांवानें इंग्रजीत गेली आणि जगभर पसरली. ती मूळची हैतीची, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. राजवाड्याच्या वाद्यवृंदाचा प्रमुख ओक्सीद जांती (१८६०–१९३६) यानें रचलेलीं संचलनें ऐकण्यास चौकांत गर्दी लोटत असे. त्यांतील ‘१८०४’ हें सर्वांत गाजलेलें.

परंतु याच प्रतिष्ठित वर्गाची ढोलाकडे पाहण्याची दृष्टि कशी होती? स्वातंत्र्याला मान्यता देण्याचें मोल म्हणून फ्रान्सनें १८२५ सालीं हैतीकडून १५ कोटि फ्रँक मागितले. पुढें रक्कम कमी झाली, तरी तें ऋण व त्यापायीं काढलेलीं कर्जें यांचा भार १९४७ पर्यंत पुरला. अशा जगांत आपण ‘सुधारलेले’ आहोंत हें परक्यांस पटवून देण्याची चिंता राज्यकर्त्यांस सतत जाळीत होती. १८३५ च्या दंडसंहितेंत व्होडूची उपासना गुन्हा ठरली. म्हणजे ज्या सभेंतून राष्ट्र जन्मलें, तीच सभा त्या राष्ट्राच्या कायद्यानें निषिद्ध झाली. दिवाणखान्यांत पियानो वाजे, आणि डोंगरावरून ढोल ऐकूं येऊं लागला कीं खिडक्या लावून घेत. आपल्या आजीची भाषा चार लोकांत बोलण्याची लाज वाटावी, अशांतलाच हा प्रकार.

या लाजेचा उतारा एका राष्ट्रीय अपमानांतून मिळाला. १९१५ सालीं अमेरिकेच्या सैन्यानें हैतीचा ताबा घेतला, आणि तो १९३४ पर्यंत सुटला नाहीं. फ्रेंच बोलणाऱ्या, पॅरिसचा पोशाख करणाऱ्या विद्वानांना त्या काळांत कळून चुकलें कीं गोऱ्या शिपायाच्या लेखीं आपण व डोंगरांतला शेतकरी सारखेच. १९२८ सालीं झां प्रीस-मार्स या वैद्यक शिकलेल्या पंडितानें आपल्या ग्रंथांत शिक्षितांस उघड विचारलें कीं, आपल्याच लोकांच्या कथा, गाणीं व श्रद्धा यांना तुम्ही परके कां झालांत? त्या ग्रंथानें एक पिढी जागी केली. पियानोवादक ल्यूदोव्हिक लामोत (१८८२–१९५३) यानें १९३४ च्या कार्निव्हलसाठीं ‘निबो’ नांवाची मेरेंग रचली. व्होडूंतील एका देवतेचें नांव त्याच्या पियानोवर आलें आणि सारें शहर त्यावर नाचलें. १९३६ च्या डिसेंबरांत ॲलन लोमॅक्स हा २१ वर्षांचा अमेरिकन तरुण मुद्रणयंत्र घेऊन आला आणि त्यानें सुमारें ५० तासांचें गाणेंबजावणें टिपून घेतलें. तो संग्रह २००९ सालीं प्रसिद्ध झाला.

मात्र लाज एका ग्रंथानें जात नाहीं. १९३५ सालीं सरकारनें ‘अंधश्रद्धेच्या चाली’ बंद करणारा नवा हुकूम काढला. १९४१–४२ मध्यें कॅथॉलिक धर्मपीठानें मोहीमच उघडली: लोकांकडून शपथा घेवविल्या, देवघरें मोडलीं आणि ढोलांचे ढीग रचून जाळले. आणि त्यानंतर लगेच, १९४३ सालीं, पोर्ट-ओ-प्रिन्समध्यें ‘जाझ दे जन’ नांवाचा वाद्यवृंद निघाला. त्यानें सॅक्सोफोन-ट्रंपेटांच्या शेजारीं व्होडूचे ढोल मांडले आणि तेच ताल नृत्यगृहांत आणले. डोंगरांत जळालेला ढोल शहरांत दिव्यांच्या झगमगाटांत उभा राहिला! १८३५ पासूनची बंदी कायद्यांतून निघावयास १९८७ ची राज्यघटना उजाडावी लागली. त्याच घटनेनें क्रेयोलला फ्रेंचच्या बरोबरीचा मान दिला. व्होडूस धर्म म्हणून सरकारी मान्यता २००३ सालीं मिळाली.

दरम्यान पोटासाठीं परदेशीं जाणाऱ्यांनींहि गाणें आणलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैतीचे हजारों मजूर ऊंस तोडण्यासाठीं क्यूबाला जात. परततांना त्यांच्याबरोबर गिटार आलें, आणि मानुबा नांवाचें वाद्य आलें. हें वाद्य म्हणजे एक पेटी. तिच्यावर बसावयाचें आणि तिला लावलेल्या लोखंडी पट्ट्या बोटांनीं छेडावयाच्या. यांतून ‘त्रुबादू’ ही शैली झाली. तिचा विषय बहुधा संसारांतील सुखदुःखें व प्रेमांतील फसगत, आणि सूर थट्टेचा.

१९५५ सालीं नेमूर झां-बातिस्त (१९१८–१९८५) या सॅक्सोफोनवादकानें मेरेंगची लय थोडी संथ व सरळ केली, तिच्यांत शेजारच्या डोमिनिकन मेरेंगेचा अंश मिसळला, आणि ढोल व घंटा यांच्या अखंड ठेक्यावर ती बसविली. तिचें नांव ‘कोंपा’, म्हणजे ताल. तिला एकदां सुरुवात झाली कीं नाचणाऱ्यांना थांबण्याचें कारणच उरत नाहीं. त्याचा जुना सोबती वेबेर सिको यानें लवकरच प्रतिस्पर्धी शैली काढली, आणि शहर दोन पक्षांत वांटलें गेलें. १९६० नंतरच्या दशकांत आळीआळींतील तरुणांनीं गिटारें जमवून लहान वृंद काढले. १९६८ सालीं पेत्योंव्हिल येथें निघालेला ‘ताबू कोंबो’ त्यांतील सर्वांत कीर्तिमान्. त्याचें न्यूयॉर्कवरील गाणें १९७५ सालीं फ्रान्समध्यें गाजलें.

हैतीच्या वृंदानें न्यूयॉर्कवर गाणें कां करावें? कारण १९५७ पासून १९८६ पर्यंत फ्रांस्वा द्युव्हालिए व त्याचा पुत्र यांची हुकूमशाही चालली, आणि हजारों कुटुंबें देश सोडून गेलीं. गायक मानो शार्लमान यास स्पष्ट बोलण्याबद्दल देशांतर भोगावें लागलें. काळाचा महिमा असा कीं तोच १९९५ सालीं पोर्ट-ओ-प्रिन्सचा महापौर झाला. जें स्पष्ट बोलतां येत नसे तें ढोलाच्या आडून बोललें जाई. ‘रासीन’, म्हणजे मुळें, या नांवानें जी नवी शैली निघाली तिनें रारा व व्होडू यांचे ताल विजेच्या गिटारांशीं जोडले. १७९१ च्या त्या बुकमनचें नांव धारण करणाऱ्या ‘बुकमन एक्स्पेरियांस’ या वृंदानें १९९० च्या कार्निव्हलमध्यें, लष्करी सत्तेच्या ऐन अमलांत, ‘मी भीत नाहीं’ अशा अर्थाचें गाणें म्हटलें आणि रस्ते तें गाऊं लागले. १९९२ सालीं ‘राम’ नांवाच्या वृंदानें पानाफुलांविषयींचें एक जुनें व्होडू गीत गायिलें. त्यांतील ‘टोंक’ कोणास लागतें हें लष्करी अधिकाऱ्यांस बरोबर कळलें आणि त्यांनीं तें बंद केलें. लेकी बोले सुने लागे! पण येथें सासू शेतकऱ्याची पोर होती आणि सून बंदूकधारी.

१२ जानेवारी २०१० रोजीं सायंकाळीं भूकंप झाला. केंद्र लेओगानजवळच होतें, म्हणजे जें शहर रारासाठीं सर्वांत प्रसिद्ध, तेंच सर्वांत उद्ध्वस्त झालें. राजधानी कोसळली आणि लाखांनीं मोजावी इतकी मनुष्यहानि झाली. त्या रात्रीं, जिवंत राहिलेलीं माणसें चौकांत व रस्त्यांवर बसून गात होतीं, असें तेथें असलेल्या अनेकांनीं लिहून ठेविलें आहे. दिवे नव्हते, छप्पर नव्हतें. एकत्र बसणें तेवढें शक्य होतें.

आज तेंच अवघड झालें आहे. २०२१ सालीं राष्ट्राध्यक्षांचा खून झाला आणि त्यानंतर सशस्त्र टोळ्यांनीं राजधानीचा बहुतेक भाग व्यापला. २०२५ च्या मध्यास घरदार सोडावें लागलेल्यांची संख्या सुमारें १३ लाख असल्याचें संयुक्त राष्ट्रसंघानें नोंदविलें. ओलोफ्सन नांवाचें जुनें लाकडी नक्षीचें हॉटेल, जेथें ‘राम’ वृंद वर्षानुवर्षें गुरुवारच्या रात्रीं वाजवीत असे, तें जुलै २०२५ मध्यें जळून गेलें. पूर्वींच्या सत्तांनीं ढोलावर बंदी घातली, तेव्हां लोक रात्रीं डोंगरांत जमले. आतां बंदीचा हुकूम कोणाचाच नाहीं. पण अंधार पडल्यावर चार वाक्सिनवाले चार आळ्यांतून निघून एका चौकांत सुखरूप येतील, याची शाश्वति राहिलेली नाहीं. एकेकट्याच्या घरांत एकेक नळी असून काय उपयोग?

तथापि पांगापांगीचा अनुभव या संगीतास नवा नाहीं, आणि आशेला जागा आहे ती येथेंच. १७९१ च्या उठावानंतर कित्येक मळेवाले आपल्या गुलामांसह पूर्व क्यूबांत पळाले. त्या गुलामांच्या वंशजांनीं सांतियागो व ग्वांतानामो येथें ‘तुंबा फ्रांसेसा’ नांवाच्या मंडळ्या चालविल्या. दिवाणखान्यांतील फ्रेंच नाच आणि आफ्रिकेचे ढोल त्यांत हातांत हात घालून उभे आहेत, आणि लाकडी ओंडक्यावर काठ्यांनीं वाजविला जाणारा तोच गुरु-लघु-गुरु-लघु-गुरु तेथें आजहि ऐकूं येतो. युनेस्कोनें २००३ सालीं त्याचा मानवजातीचा ठेवा म्हणून गौरव केला. १८०९–१० मध्यें क्यूबांतून हांकलले गेलेले ९,००० हून अधिक निर्वासित न्यू ऑर्लिन्स येथें उतरले आणि त्या शहराची वस्ती जवळजवळ दुप्पट झाली. जें शहर पुढें जाझचें माहेर झालें, त्याच्या जडणघडणींत हीहि माणसें होतीं. ऊंस तोडण्यास डोमिनिकन मुलुखांत गेलेल्या मजुरांबरोबर रारा तेथें गेली व ‘गागा’ या नांवानें रुजली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील प्रॉस्पेक्ट पार्कांत, देश सोडून आलेले हैतीचे लोक उन्हाळ्याच्या रविवारीं रारा घेऊन फिरूं लागले, त्यासहि आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

परदेशांतील शहरांत बांबू सहज मिळत नाहीं. मग पाण्याच्या नळाची प्लॅस्टिकची नळी आणतात, ती निरनिराळ्या लांबीवर कापतात आणि फुंकतात. सूर निघतो; अर्थात् एकच. नळी बांबूची कीं प्लॅस्टिकची, हें त्या संगीतास महत्त्वाचें नाहीं. चौथा वादक आला कीं नाहीं, एवढेंच काय तें महत्त्वाचें.